१९७२ ची कॉर्व्हेट बघतोय, 'सर्व्हायव्हर' म्हणून विकायला आहे. घेण्याआधी काय काय तपासू?

अटकमटक

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी ओहायोत असतो, कोलंबसच्या जवळ. कॉर्व्हेटचं (शेव्हरलेची स्पोर्ट्स कार) खूळ जुनं आहे, लग्नाआधीपासूनचं. नवीन नाही, ती सी३ म्हणजे १९६८ ते ८२ वाली, आणि त्यातही पहिल्या वर्षांतली, पुढे-मागे दोन्हीकडे क्रोमचे बंपर असलेली. रबरी नाकाची मला बघवत नाही (ज्यांच्याकडे आहे त्यांनी राग मानू नये). मुलगी कॉलेजला गेली, गॅरेज अर्धं रिकामं झालं, बायको म्हणाली एकदाची घेऊन टाक पण त्या जाहिराती मला दाखवणं बंद कर. तर आता खरंच बघायला लागलोय.

बजेट ३५ हजार डॉलर, अगदी ताणलं तर ३८. एक गाडी सापडलीय इंडियानात. १९७२ ची कूपे, टी-टॉप (छताचे दोन तुकडे काढता येतात), एल्कहार्ट ग्रीन रंग, साधं ३५० (क्युबिक इंचाचं) इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. ओडोमीटर ४१ हजार मैल दाखवतोय. मालक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे खूप वर्षं आहे म्हणे. जाहिरातीत लिहिलंय 'सर्व्हायव्हर' (म्हणजे रिस्टोअर न केलेली, जशीच्या तशी), 'मॅचिंग नंबर्स' (म्हणजे इंजिन मूळचंच), 'मूळ रंग'. मागतायत ३४ हजार. फोटोत तरी एकदम झकास दिसते.

मला गाड्यांतलं कळतं म्हणजे ऑइल आणि ब्रेक पॅड घरी बदलतो, एवढंच. कार्बोरेटरशी शेवटचा संबंध बाबांच्या स्कूटरच्या वेळी आला होता. तर बघायला गेल्यावर नक्की काय बघायचं, कुठे वाकायचं, काय विचारायचं, हे शब्द कितपत खरे धरायचे आणि ३४ जास्त वाटतात का, एवढं सांगा. कुणाकडे असली तर अनुभव पण लिहा.

चौदा_पंधराचा_पाना

अरे वा, शेवटी कुणीतरी कामाचा धागा काढला, नाहीतर इथे नुसती टेस्लाची रेंज चालू असते.

अटकमटक, पहिली गोष्ट, फोटोवर जाऊ नका. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची, १९५३ पासून, म्हणजे बाहेरून गंज दिसायचा प्रश्नच येत नाही आणि सगळे तिथेच फसतात. त्या फायबरग्लासच्या आत लोखंडाचा सांगाडा असतो, पुढच्या काचेची चौकट, दोन्ही दारांचे खांब, सीटमागची कमान हे सगळं मिळून, त्याला इथले लोक बर्डकेज म्हणतात. आणि या सगळ्याच्या खाली वेगळी स्टीलची फ्रेम. बाहेरून ऑइल पेंट मारलेलं आणि आतून वाळवी लागलेलं दार कसं असतं, तशा कितीतरी सी३ मी मिशिगनमध्ये बघितल्यात, चकचकीत रंग, नवीन कार्पेट, आणि काचेची पट्टी काढली की खाली चौकटीच्या जागी नुसता भुगा. बर्डकेज सडलं असेल तर काच काढावी लागते, कधी अख्खी बॉडी फ्रेमवरून उचलावी लागते, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या वर सहज जातो. इंजिन बिघडलं तर नवीन बसवता येतं हो, स्मॉल ब्लॉक शेव्ही इंजिनाइतकं स्वस्त आणि कुठेही मिळणारं दुसरं काही नाही या देशात. गंजाला तसं औषध नाही.

आता नक्की कुठे बघायचं. ड्रायव्हरचे आणि शेजारच्याचे पाय जिथे असतात तिथे बाहेरच्या बाजूला प्लास्टिकचे पॅनेल असतात, दोन-चार स्क्रूवर. मालकाला विचारून ते काढा, टॉर्च मारा. दाराचे बिजागर ज्या खांबावर आहेत त्याचा बुडखा तिथे दिसतो, आणि बॉडी फ्रेमवर जिथे टेकते तो एक माउंट पण. पृष्ठभागावर तांबूस थर चालेल, पण स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकल्यावर पापुद्रे पडले किंवा खाली गंजाचा चुरा साठलेला दिसला तर कान टवकारा. मग काचेच्या आतल्या बाजूच्या पट्ट्या, त्याही स्क्रूवर असतात, वरचे दोन कोपरे विशेष बघा कारण काचेच्या रबरातून पाणी तिथे जातं. मालक पॅनेल काढू देत नसेल तर तेच तुमचं उत्तर, नमस्कार करून निघा.

फ्रेम बघायला गाडी लिफ्टवर पाहिजे. मागच्या चाकाच्या पुढे फ्रेम वर उचलली जाते त्या वळणावर चिखल-मीठ साठतं, तिथे हातोडीने हलकं टकटक करा, टणटण आवाज आला पाहिजे, थपथप आला की संपलं. तिथेच मागच्या सस्पेन्शनचे ट्रेलिंग आर्म फ्रेमच्या खोबणीत बसतात आणि ते बोल्ट असे जाम होतात की करवतीने कापावे लागतात. मागचं चाक वर असताना वरून-खालून धरून हलवा, खेळ असेल तर बेअरिंगचं काम आलं, आणि ते घरगुती काम नाही.

ब्रेक चारही चाकांना डिस्क आहेत, त्या काळाच्या मानाने उत्तम, पण मूळ कॅलिपर बिडाचे आणि गाडी उभी राहिली की आतून गंजून गळायला लागतात. स्टेनलेस स्लीव्ह घातलेले कॅलिपर बसवलेत का ते विचारा. बसवले असतील तर मालकाला गाडी कळते असं समजा.

आणि शेवटची गंमत. या गाडीचे हेडलाइट वर येतात ते मोटरवर नाही, इंजिनच्या व्हॅक्यूमवर. ७२ पर्यंत वायपर सुद्धा एका झाकणाखाली लपलेले असतात, ते झाकण पण व्हॅक्यूमवरच. इंजिन चालू करून लाइटचं बटण ओढा, दोन्ही एकदम वर आले पाहिजेत. एक आला आणि दुसरा मागून डुलत डुलत आला तर कुठेतरी नळी फाटलीय. महाग काम नाही, पण भाव करायला बरं पडतं.

कागदी_घोडा

पानेवाल्यांनी गंजाचं सांगितलं ते शंभर टक्के. मी कागद आणि नंबरांचं सांगतो, तो माझा प्रांत.

१९७२ चं एक बरं आहे. या वर्षापासून शेव्हरलेने व्हीआयएनमध्येच (गाडीच्या ओळख नंबरातच) इंजिनचं अक्षर घालायला सुरुवात केली. तुमच्या गाडीचा नंबर १झेड३७के२एस५ असा सुरू व्हायला हवा. ३७ म्हणजे कूपे (६७ असता तर कन्व्हर्टिबल), के म्हणजे साधं ३५०, २ म्हणजे ७२, एस म्हणजे सेंट लुइसचा कारखाना. एल असेल तर एलटी-१ (जास्त ताकदीचं ३५०), डब्ल्यू असेल तर ४५४ बिग ब्लॉक. ७१ पर्यंत हे अक्षर नव्हतं त्यामुळे साध्या गाडीची एलटी-१ करून विकणारे महाभाग बरेच. नंबरची पट्टी ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेच्या खांबावर आहे, बाहेरून दिसते. रिव्हेट नीट बघा.

मग इंजिन. पॅसेंजरच्या बाजूचं सिलिंडर हेड आहे ना, त्याच्या पुढच्या टोकाला ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा आहे, बोटभर. चिंधीने पुसा, ब्रेक क्लीनर मारा, काहीही करा पण वायर ब्रश किंवा सँडपेपर लावू नका. तिथे दोन गोष्टी ठोकलेल्या असतात. एक, १२एस५ करून पुढे आकडे, त्यातले शेवटचे सहा आकडे व्हीआयएनशी जुळले पाहिजेत. दुसरं, व्ही या अक्षराने सुरू होणारं, मग महिना आणि तारीख, मग तीन अक्षरं. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना. साधं ३५० आणि ऑटोमॅटिक असेल तर ती तीन अक्षरं सीकेएक्स, मॅन्युअल असतं तर सीकेडब्ल्यू. आणि त्या सपाट जागेवर कारखान्यात कापताना पडलेल्या बारीक समांतर रेघा असतात, मोबाइलने जवळून फोटो काढला की दिसतात. त्या गायब असतील आणि जागा गुळगुळीत असेल तर कुणीतरी घासून नंबर नव्याने ठोकलाय. तुमच्या केसमध्ये साधं इंजिन असल्यामुळे एवढी उठाठेव कुणी करेल असं वाटत नाही, कारण फायदाच नाही त्यात.

मैल. ओडोमीटर पाच आकडी आहे, ९९,९९९ नंतर परत शून्य. म्हणजे ४१ हे १४१ पण असू शकतात, आणि टायटलवर (मालकीच्या कागदावर) मैलांच्या जागी 'एक्झेम्प्ट' लिहिलेलं असेल कारण इतक्या जुन्या गाड्यांना ते जाहीर करायची सक्ती नाही. जुन्या सर्व्हिसच्या पावत्या मागा, त्यावर तारीख आणि मैल असतात. पावत्या नसतील तर ४१ हा आकडा विसरून जा. ब्रेकचं पेडल, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, दार उघडताना लोंबतं का, हे खरं बोलतात.

'सर्व्हायव्हर' हा शब्द मुळात ब्लूमिंग्टन गोल्ड या कॉर्व्हेट प्रदर्शनवाल्यांच्या तपासणीतला, आता जाहिरातीत कुणीही टाकतं. गाडी कधी एनसीआरएसच्या (कॉर्व्हेट रिस्टोअर करणाऱ्यांची संस्था) जजिंगला गेली होती का विचारा. ती मंडळी १९७४ पासून हेच करतायत, बोल्टचं डोकं कुठल्या खुणेचं होतं इथपर्यंत गुण कापतात आणि १०० पैकी ९४ च्या वर गेलात तर टॉप फ्लाइट. न रिस्टोअर केलेल्या गाड्यांसाठी वेगळं बो टाय अवॉर्ड आहे. सर्टिफिकेट असेल तर ३४ मध्ये बोलायला जागा नाही, नसेल तर तो शब्द फुकट.

मूळ रंगाबद्दल: पेंटची जाडी मोजायचं ते चुंबकावर चालणारं साधं यंत्र इथे काम करत नाही, खाली धातूच नाही. अल्ट्रासॉनिक वालं लागतं. ते नसेल तर डोळ्यांनी. त्या वेळचा रंग लॅकर होता, पातळ, आणि पॅनेल जिथे चिकटवलेत त्या जोडाच्या रेघा मूळ रंगाखाली पुसट दिसतात. फेंडरवर तिरपा उजेड पाडून बघा, सगळं आरशागत सपाट असेल तर परत रंगवलंय. दाराच्या खाचेत, रबराखाली, ट्रिम टॅगवर (ड्रायव्हरच्या बिजागराच्या खांबावर असतो) स्प्रे उडालेला दिसतो का ते पण बघा. टॅगवर रंगाचा कोड आहे तो हिरव्याचाच आहे ना याची खात्री करा.

खडखडाट

मंडळी सगळं मान्य पण एक विचारू का, अटकमटकना गाडी चालवायचीय का देवघरात ठेवायचीय? कारण मूळ रंग, मूळ नंबर, मूळ हे, मूळ ते, याचे पैसे मोजले की मग गाडी पावसात काढायची भीती, पार्किंगमध्ये लावायची भीती, एक ओरखडा आला की दोन रात्री झोप नाही. त्यापेक्षा सांगाडा चांगला असलेली, एकदा रंगवलेली, इंजिन बदललेली गाडी घ्या ना, तेवढ्याच मजेत चालते आणि पाच-सात हजार वाचतात. इंजिनवर कुठले आकडे ठोकलेत ते ड्रायव्हर सीटवरून दिसत नाही.

आणि गुंतवणूक वगैरे डोक्यात असेल तर ७८ ची पेस कार आठवा. इंडी ५०० शर्यतीसाठी काळी-चंदेरी कॉर्व्हेट काढली होती, ६,५०२ बनवल्या, छापील किंमत १३,६५३ डॉलर आणि लोकांनी त्याच्यावर पैसे देऊन उचलल्या, प्लास्टिकसकट गॅरेजमध्ये बंद करून ठेवल्या की पोरांच्या शिक्षणाला होईल. सगळ्यांनीच ठेवल्या, मग कसली दुर्मिळ? आजही अगदी कमी मैलांच्या निघतात आणि महागाई धरली तर मालकाच्या हातात काही राहत नाही. तेवढे पैसे बँकेत ठेवून गाडी चालवली असती तर बरं.

शिवाय रबरी नाकवाल्यांना नावं ठेवू नका, माझी ८१ ची आहे. ७५ साली साधं इंजिन १६५ हॉर्सपॉवरवर आलं होतं हे खरंय, पण हायवेवर ६५ ला काय फरक पडतो.

कागदी_घोडा

खडखडाट, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर. नंबरांना किंमत तेव्हाच जेव्हा तुम्ही नंबरांचे पैसे मोजताय. इथे विकणारा 'मॅचिंग' म्हणून ३४ मागतोय, मग ते आहे का हे तपासणं आलंच, आवड असो नसो. नसेल तर भाव तुमच्या त्या रंगवलेल्या गाडीचा लागतो, आणि मला वाटतं तो ३० च्या खाली आहे.

आणि हॉर्सपॉवरचं जरा जपून. ७१ ला साध्या ३५० चा आकडा २७०, ७२ ला एकदम २००, लोक म्हणतात ताकद गेली. ७२ ला मोजायची पद्धत बदलली, आधी इंजिन उघडं स्टँडवर ठेवून मोजायचे, मग पंखा, सायलेन्सर, एअर फिल्टर सगळं लावून. खरी घट ७१ लाच झाली होती जेव्हा जनरल मोटर्सने बिनशिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं. त्याचा तुम्हाला फायदाच आहे, ८.५ कॉम्प्रेशनचं इंजिन पंपावरच्या साध्या पेट्रोलवर कुरकुर न करता चालतं.

रारिटनकाठचा

कॉर्व्हेटच्या धाग्यात मस्टँग घुसवतोय, माफी असावी. आम्ही न्यू जर्सीवाले, एडिसनला. इथे फोर्डचा कारखाना होता रूट १ वर, २००४ ला बंद झाला, आणि साठच्या दशकात तिथे मस्टँग बनायच्या. फोर्डच्या कागदोपत्री त्याचं नाव मेट्यूचन, म्हणून व्हीआयएनमध्ये दुसरं अक्षर टी. माझी ६६ ची कूपे आहे, नंबर ६टी०७सी पासून, म्हणजे माझ्या घरापासून दहा मिनिटांवर जन्मलेली. आता त्या बाजूने जाताना ओक ट्री रोडवरून मिठाई घेऊन येतो त्याच गाडीतून, लोक अंगठे दाखवतात.

बजेट ३५ असेल तर व्ही८ मस्टँग कूपे त्याच्या बरीच खाली येते आणि चार माणसं बसतात (मागची दोन लहान असावीत). गंज मात्र इथे पण आहे. काचेच्या खाली हवा आत घ्यायची जाळी असते, तिच्या खालचा पत्रा सडतो आणि पाणी थेट पायात. बघायला जाल तेव्हा पाण्याचा पाइप मागा, जाळीवर पाणी सोडा, आत शेजारच्या सीटखाली हात घालून बघा. आणि ६७ किंवा पुढची असेल तर मार्टी रिपोर्ट मागवता येतो, फोर्डच्याच नोंदींवरून गाडी कारखान्यातून काय काय घेऊन निघाली ते कळतं. ६६ ला ते नशीब नाही.

चौदा_पंधराचा_पाना

रारिटनकाठचे, मस्टँगचा वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. पण माणूस लग्नाआधीपासून कॉर्व्हेट म्हणतोय त्याला मस्टँग दाखवून काय उपयोग, घरी येऊन परत जाहिरातीच बघत बसणार.

गार्गी_ह

आमच्याकडे ६९ ची आहे, नवऱ्याची म्हणायला, पण चालवते जास्त मीच. बाकीचं लिहिलंय सगळ्यांनी, मी घरातल्या बाजूने लिहिते.

आधी त्यात बसून बघा, आणि तुमच्या मिसेसना पण बसवा. सी३ मध्ये बसत नाहीत, आत उतरतात. सहा फुटाच्या वर असाल तर टी-टॉप लावल्यावर डोकं लागतं का बघा. उन्हाळ्यात इंजिन आणि गिअरबॉक्सची गरमी दोन सीटमधल्या बोगद्यातून मांड्यांपर्यंत येते, जुलैमध्ये एसी चालत नसेल तर भाजून निघता. एसी आहे का, आणि असला तर थंड हवा येते का, हे जाहिरातीत नेहमी गुळमुळीत लिहितात. डिक्कीला बाहेरून झाकणच नाही, सामान सीटच्या मागून आत कोंबायचं. आम्ही दोघं वीकेंडला जातो तेव्हा मऊ बॅगा नेतो, चाकांची बॅग आत जातच नाही.

इन्शुरन्स नेहमीच्या कंपनीकडे साध्या पॉलिसीवर घेऊ नका, ते जुनी गाडी म्हणून घसारा लावून हातात चणे-फुटाणे देतील. 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' पॉलिसी घ्यायची, हॅगर्टीसारख्या क्लासिकवाल्या कंपन्या देतात, रक्कम आधी ठरते, काही झालं तर तेवढी मिळते. हप्ता कमी असतो कारण रोज चालवणार नाही हे गृहीत असतं, पण बंद गॅरेज आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे ना ते विचारतात.

टायरवर चार आकडे असतात, शेवटचे दोन वर्ष आणि आधीचे दोन आठवडा. कमी चाललेल्या गाड्यांचे टायर दिसायला नवीन आणि वयाने म्हातारे असतात, नक्षी कितीही असो, बदलायचे. ऑइल जस्तवालं, या इंजिनांच्या कॅमला लागतं, आत्ताच्या साध्या ऑइलमध्ये जस्त कमी केलंय. आणि इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या फुगतात, वास येत असेल तर दुर्लक्ष नको. हिवाळ्यात ठेवताना टाकी भरून स्टॅबिलायझर, बॅटरीला चार्जर, आणि उंदरांचा बंदोबस्त. आमच्याकडे एका वर्षी हीटरच्या डक्टमध्ये घरटं केलं होतं, एप्रिलमध्ये पंखा लावला आणि माझ्या ड्रेसवर सगळं.

अटकमटक

एवढं लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभारी आहे. जाऊन आलो. लांबलचक लिहितोय, चालवून घ्या.

व्हीआयएन बरोबर, के आहे. इंजिनवरचा नंबर शोधायला वेळ लागला, तेलाचा थर होता, पण पुसल्यावर दिसला, सहा आकडे जुळतात, सीकेएक्स आहे, रेघा पण दिसतात (फोटो कागदी_घोडा यांना व्यनि केलाय). आजोबा भला माणूस, मी पॅनेल काढू का विचारल्यावर स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. त्यांच्याकडे एक फुगलेली फाइल आहे, आणि त्यात ९१ सालची एका ब्रेकच्या कामाची पावती, मैल ३६ हजार काहीतरी. त्याच्या आधीच्या पण दोन आहेत, २२ आणि २९ हजाराच्या. म्हणजे ४१ खरे वाटतात. त्याच ९१ च्या पावतीत स्लीव्ह घातलेले कॅलिपर लिहिलेत, पानेवाले खूश व्हाल.

रंग मूळ नाही. म्हणजे पूर्ण नाही. मागचा अर्धा भाग आणि दारं मूळ वाटतात, जोडाच्या रेघा दिसतात, पण पुढचं नाक आणि डावा फेंडर एकदम गुळगुळीत, आणि हुडच्या खाली कडेला हिरवा स्प्रे उडालेला. आजोबा म्हणाले त्यांनी घेतली तेव्हापासून अशीच, आणि मला ते खरं वाटलं.

आता गंज. फ्रेम त्यांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर बघितली, मागची वळणं टणटण वाजली. डावीकडचं पॅनेल काढलं, स्वच्छ. उजवीकडचं काढलं तर खांबाच्या बुडाशी पापुद्रे, आणि बोट फिरवलं तर अर्धी मूठ चुरा बाहेर आला. कार्पेटच्या कडेला पण पाण्याचा डाग त्याच बाजूला. काचेच्या आतल्या पट्ट्या काढल्या, वरचे कोपरे मला ठीक वाटले, तांबूस आहेत पण टणक. टायर २००९ चे. उजवा हेडलाइट आळशी. एसी नाही, म्हणजे आहे पण बेल्टच काढून ठेवलाय.

चालवली. त्याबद्दल काही लिहीत नाही, नाहीतर भाव करायची ताकद जाईल.

त्यांना रंगाचं आणि खांबाचं सांगितलं, ते ३१.५ वर आलेत. हा उजवा खांब किती वाईट समजायचा?

चौदा_पंधराचा_पाना

आजोबांना नमस्कार सांगा, असा विकणारा भेटत नाही.

हे बघा, वरचे कोपरे टणक, फ्रेम चांगली, डावी बाजू स्वच्छ. म्हणजे पाणी एकाच ठिकाणाहून येतंय, काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून किंवा टी-टॉपच्या रबरातून, आणि खाली उतरून खांबाच्या तळाशी साठतंय. हे सर्वांत कमी वाईट असतं. खांबाच्या तळाचे तुकडे तयार मिळतात, कापून वेल्डिंग करून बसवतात, बॉडी उचलायची गरज सहसा पडत नाही. पण 'सहसा' वर ३१ हजार लावायचे नाहीत. एक स्वस्त बोरोस्कोप मागवा, मोबाइलला लावायचा कॅमेरा, आणि पॅनेलच्या मागून खांबाच्या आत वरपर्यंत घाला. चुरा फक्त तळाशी असेल आणि वर भिंती शाबूत असतील तर घ्या. आतून कमरेपर्यंत पापुद्रे दिसले तर आजोबा कितीही गोड असोत, सोडा.

वेल्डिंग सुरू करायच्या आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं, नाहीतर नवीन तुकडा पण तीन-चार वर्षांत तसाच. एकाने आत बसायचं, एकाने बाहेरून पाइपने खालून वर हळूहळू पाणी मारत जायचं. आधी काच, मग टी-टॉप.

कागदी_घोडा

फोटो बघितला, शिक्का मला अस्सल वाटतो, आणि इंजिनची तारीख गाडीच्या आधीची आहे, तशीच पाहिजे. नंबरचे पैसे द्यायला हरकत नाही. पण नाक रंगवलंय म्हणजे कधीतरी पुढून काहीतरी झालंय, हुड उघडून पुढच्या चाकाच्या खोलीत आतल्या बाजूने फायबरग्लास बघा. कारखान्याचा पृष्ठभाग आतून गुळगुळीत आणि गडद असतो, दुरुस्ती केली असेल तर चटईचे धागे दिसतात. छोटी असेल तर सोडून द्या, त्या काळात नाकं आपटायचीच. मी असतो तर २८ बोललो असतो आणि २९ ला मिटवलं असतं.

पैसे देताना त्यांच्या बँकेत जाऊन कॅशियर्स चेक द्या आणि टायटल तिथेच सही करून घ्या, त्यावरचा व्हीआयएन पट्टीशी एकेक अक्षर जुळवून. बाहेरच्या राज्यातली गाडी ओहायोत टायटल करताना व्हीआयएनची तपासणी लागते, ती झाल्याशिवाय टायटल ऑफिसात जाऊ नका, परत पाठवतात.

गार्गी_ह

आणि २००९ च्या टायरवर चालवत घरी आणू नका प्लीज, मोह होईल. ट्रेलरवर आणा.

अटकमटक

बोरोस्कोपचा अहवाल: तळाशी चार बोटं खराब, त्याच्या वर पत्रा काळा आणि सपाट, मला तरी पापुद्रे दिसले नाहीत, व्हिडिओ टाकलाय. चाकाच्या खोलीत डाव्या बाजूला धागे दिसतात, वीतभर जागा. २८ बोललो, आजोबा म्हणाले २९.५ आणि वर सगळ्या जुन्या मॅन्युअल आणि एक जादाचा कार्बोरेटर. बायको म्हणतेय अजून पाचशेसाठी म्हाताऱ्याशी काय घासाघीस करतोस. शनिवारी बँक आणि ट्रेलर दोन्ही ठरवलंय.

पानेवाले, व्हिडिओ बघून शुक्रवारच्या आत सांगा काही वेगळं दिसलं तर.

चौदा_पंधराचा_पाना

बघितला. चालेल. ट्रेलरवर बांधताना पट्टे मागच्या हाफ शाफ्टला किंवा ट्रेलिंग आर्मला लावू देऊ नका, ट्रेलरवाले हमखास तिथेच अडकवतात. चाकांवरून जाणारे पट्टे मागा. आणि जादाचा कार्बोरेटर क्वाड्राजेट असेल तर त्याच्यावरचा नंबर टाका इथे, कधीकधी मूळचा तोच निघतो.